पाय बारीक होतील म्हणून वजनाचं ऑपरेशन करताय? आधी कंबर मोजा

विट्याजवळच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. वय ३६, उंची ५ फूट २ इंच, वजन १०४ किलो, कंबर ३८ इंच. दुसऱ्या बाळंतपणानंतर मांड्या आणि पोटऱ्या झपाट्यानं वाढल्या, दुखतात, कुठं आपटलं आठवत नाही पण काळेनिळे डाग पडतात. तीन महिन्यांची साखर ६.३ आलीय. एका डॉक्टरांनी लिपेडिमा, म्हणजे पायांत दुखरी चरबी साठण्याचा आजार, आहे म्हणून सांगितलं, दुसरे म्हणाले लिपेडिमा बिपेडिमा काही नाही, स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करायचं वजनाचं ऑपरेशन, करून टाका, सगळं उतरतंय. मालकांचं म्हणणं, पाय बारीक होणार असतील तर खर्च करू. तर होतील का, आणि करावं का.

ताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत. करावं का, तर तुमचे आकडे बघता हो, विचार करण्यासारखं नक्की आहे. पाय बारीक होतील का, तर त्या भरवशावर करू नका. मी सांगली-मिरजेत वीसेक वर्षं दुर्बिणीची ऑपरेशनं करते, त्यातली बरीच वजनाची, आणि ह्या दोन प्रश्नांची गल्लत झाली की नंतर काय होतं ते मी बघितलंय, एकदा तर माझ्याच हातनं झालंय, ते पुढं सांगते.

आधी लिपेडिमा आहे का ते बघू. हा काही नवीन निघालेला आजार नाही, १९४० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स ह्या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलाय, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी अकरावी यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यात त्याला स्वतःचा नंबर आहे. त्यामुळं असं काही नसतंच हे म्हणणं सोडून द्या. जवळजवळ सगळे पेशंट बायकाच. सुरुवात पाळी आल्यावर, नाहीतर बाळंतपणात, नाहीतर पाळी जाताना. आईकडं, मावशीकडं, आत्याकडं बघितलं तर तसेच पाय बऱ्याचदा दिसतात, घरात "आमच्याकडच्या बायकांचे पाय असेच जाड" असं म्हणून विषय संपवलेला असतो.

मी ओपीडीत पहिली गोष्ट विचारते ती जोडव्यांची. लग्नातली जोडवी अजून बसतात का? आणि पैंजण? लिपेडिमाच्या बाईची जोडवी बसतात, पंधरा वर्षांपूर्वीची तीच, पण पैंजण कधीच काढून कपाटात ठेवलेले असतात. कारण ही चरबी घोट्यापाशी येऊन थांबते, पाऊल बारीकच राहतं, घोट्यावर जणू कुणी चरबीची कडी घातल्यासारखी गोलाई दिसते. दोन्ही पाय सारखे. एका पायाला जास्त आणि एकाला कमी असेल तर मी आधी दुसरं काहीतरी शोधते. दंडाचंही तसंच, बांगडीचं माप तेच पण ब्लाउजच्या बाह्या दरवर्षी उसवून वाढवायला लागतात, मनगटापुढं हात नॉर्मल.

मग मी दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, बरोब्बर जोडवं बसतं तिथं, कातडी चिमटीत धरून बघते. सहज उचलली गेली तर लिपेडिमाच्या बाजूनं कौल. उचललीच जात नसेल, पाऊल पण सुजलेलं असेल, तर लसिका म्हणजे लिम्फ, अंगात फिरणारा पाण्यासारखा द्रव, अडल्याचा संशय येतो, आणि आपल्याकडं मग हत्तीरोगाचा विचार करावाच लागतो, माहेर कोकणातलं किंवा विदर्भातलं असेल तर जास्तच. त्याचं रक्त रात्री घेतात, जंत रात्री रक्तात फिरतात म्हणून, दुपारी बारा वाजता दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निवांत होऊ नका. शिवाय थायरॉइड, किडनी, हार्ट, शिरांचं डॉपलर म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी एकदा बघून घ्यायचं. लिपेडिमा दाखवणारी एकच अशी रक्ततपासणी नाही, हात लावून आणि विचारूनच निदान होतं, म्हणून तर इतके जण चुकतात.

दुखणं ही मोठी खूण. साध्या लठ्ठपणाची चरबी दाबली तर दुखत नाही. ह्या बायकांना लेकरू मांडीवर बसलं तरी कळ येते, बीपीचा पट्टा दंडावर आवळला की डोळ्यात पाणी येतं. आमची सिस्टर पट्टा लावताना कुणी हात मागं ओढला की आता ती स्वतःच मला खूण करते, मॅडम हे बघा म्हणून.

एक सांगायचं राहिलं, पाणी उतरायच्या गोळ्या कुणी चालू केल्या असतील तर कशासाठी ते विचारा. ह्यात पाय फुगलेत ते प्रामुख्यानं चरबीनं, पाण्यानं नाही. गोळ्या खाऊन लघवी होत राहते, पोटॅशियम खाली येतं, पाय तिथंच. बीपी किंवा हार्टसाठी दिलेल्या असतील तर मात्र मनानं बंद करू नका, ते वेगळं.

आता ऑपरेशन. वजनाचं ऑपरेशन म्हणजे पायाचं ऑपरेशन नव्हे, ते जठराचं आणि आतड्याचं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतो, बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून खालचं आतडं तिला जोडतो. भूक कमी होते, लवकर पोट भरतं, आतड्यातनं निघणारे हार्मोन बदलतात, साखर सुधारते. ह्या सगळ्यामुळं शरीर चरबी जाळायला लागतं, पण कुठली आधी जाळायची ते ना मी ठरवू शकते ना तुम्ही. पोटातली, यकृतातली, मानेची, पाठीची चरबी पटापट जाते. लिपेडिमाची चरबी हट्टी असते. थोडीफार जाते, काहींची बऱ्यापैकी जाते, म्हणजे मांडीचा घेर कमी झाल्याचं दाखवणारे अभ्यास पण आहेत आणि वजन भरपूर उतरूनही पायाचं दुखणं तसंच राहिल्याचे रिपोर्ट पण आहेत. मी माझ्या पेशंटमध्ये दोन्ही बघितलंय. आधी कुणाची कशी वागेल ते सांगता येत नाही, म्हणून मी पायाचा शब्द देत नाही.

आणि एक विचित्र गोष्ट होते ती आधीच ऐकून ठेवा. वर्षभरात वरचा भाग उतरतो, गळ्याची हाडं दिसायला लागतात, चेहरा ओढल्यासारखा होतो, आणि खाली पाय तेच. म्हणजे आधी सगळीच जाड होती तेव्हा पाय खपून जायचे, आता ते उठून दिसतात. कुर्ता मीडियमचा आणि खालची पँट ट्रिपल एक्सएलची, सेट घेताच येत नाही. मांडीच्या आत कातडी लोंबते ती घासून उन्हाळ्यात सोलवटते. माहिती असलेली बाई हे झेलते, माहिती नसलेली कोलमडते.

माझी चूक सांगते म्हटलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी वाळव्याकडच्या एक बाई होत्या, स्लीव्ह केली, वर्षात ३४ किलो उतरले. मी खूश, फोटो काढले. त्या काही खूश दिसेनात. म्हणाल्या मॅडम पाय दुखायचे तसेच दुखतात, आणि मांडी जागची हललेली नाही. मी वजनाच्या काट्याकडं बघितलं, त्या दोन महिन्यांत काटा थांबला होता, आणि मी काय बोलले तर, "जिभेवर ताबा ठेवा, काहीतरी चुकतंय." घरात सासूबाई आधीच म्हणत होत्या की चोरून खाती, त्याला डॉक्टरचा शिक्का मिळाला. नंतर त्या यायच्या बंद झाल्या. पुढं मी लिपेडिमावर जरा नीट वाचायला लागले, पायांचे फोटो बघितले आणि मला त्या बाईंचे पाय आठवले, घोट्यावरची ती कडी मी ऑपरेशनच्या टेबलवर बघितली होती, स्वच्छ आठवलं. नंबर शोधून फोन केला. त्या म्हणाल्या, "मी खातच नव्हते ओ मॅडम." बस, एवढंच. तेव्हापासनं वजनाच्या प्रत्येक पेशंटची सलवार किंवा साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय बघितल्याशिवाय मी तारीख देत नाही. पाच मिनिटं लागतात.

मग कुणी करावं? तर पायाकडं बघून नाही, कंबरेकडं बघून ठरवायचं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ह्या बायकांमध्ये फसवतो, कारण पायातली दहा-पंधरा किलो चरबी काट्यावर तर येतेच, पण हार्टला आणि साखरेला तिचा तसा त्रास नसतो जसा पोटातल्या चरबीचा असतो. त्यामुळं कंबर उंचीच्या निम्मी किंवा कमी आहे का बघा. तुमची उंची ६२ इंच, निम्मी ३१, कंबर ३८. म्हणजे पोटातली चरबी आहेच. बीएमआय तुमचा ४२ च्या आसपास येतो. साखर ६.३ म्हणजे डायबिटीसच्या उंबऱ्यावर, ६.५ ला आत. गुडघ्याचं तुम्ही लिहिलं नाही पण १०४ किलोला गुडघे बोलत असणारच. तेव्हा तुम्ही लिहिलंय त्यावरनं दोन आजार दिसतात, लठ्ठपणा आणि बहुतेक लिपेडिमा, एकमेकांच्या मांडीवर बसलेले, लिपेडिमाची खात्री पाय बघूनच करेन. लठ्ठपणासाठी ऑपरेशन योग्य आहे. वजन वाढत राहिलं तर लिपेडिमा पण बिघडतो, लिम्फ अडायला लागतं, मग पावलं पण सुजतात, तेवढं थांबवणं हाच पायांना खात्रीचा फायदा, आणि तो लहान नाही.

ह्याच्या उलट कोरेगावकडची एक मुलगी आली होती, २७ वर्षांची, उंची ६३ इंच, वजन ८५, कंबर ३१. बीएमआय ३३ निघतो. आपल्या आशियाई लोकांसाठी ऑपरेशनची पातळी खाली आणलीय, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत २७.५ पासून देता येईल असं आहे, म्हणजे कागदावर ही मुलगी बसत होती आणि कुठंतरी तिला तारीख पण मिळाली होती. पण कंबर निम्म्यात, साखर नॉर्मल, लिव्हर नॉर्मल, सगळं वजन कंबरेखाली. तिचं जठर कापून मी काय मिळवणार होते? तिला नको म्हणाले. वडील नाराज झाले, पुण्याला गेलो असतो तर लगेच केलं असतं म्हणाले. असूदे.

करायचं ठरलं तर लिपेडिमाच्या बाईसाठी काही गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात. ऑपरेशनवेळी पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पोटऱ्यांना हवेचे पट्टे बांधतो, ते ह्या पायांना बसतच नाहीत किंवा बसले तर दुखवतात, म्हणून आदल्या दिवशीच माप घेऊन मोठे मागवायचे. रक्त पातळ राहायचं इंजेक्शन पोटात देतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी उठवून चालवतो, कितीही शिव्या घाला. आधी दोन आठवडे कमी कॅलरीचं जास्त प्रोटीनचं खाणं, त्यानं सुजलेलं लिव्हर आकसतं आणि आम्हाला आत जागा मिळते. घशातनं दुर्बीण घालून जठर बघायचं, छातीत खूप जळजळ असेल तर स्लीव्हपेक्षा बायपास बरा, स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते.

आणि मिश्री. आपल्या सातारा-सांगलीकडं बायका तंबाखू विचारली की नाही म्हणतात आणि मिश्री विचारली की हसतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होतो तो तंबाखूनं, आणि फुटला तर मध्यरात्री पोट उघडायला लागतं. तसंच पेनकिलर. ह्या बायकांचे पाय दुखतात म्हणून मेडिकलमधनं आणलेल्या गोळ्या रोज चालू असतात, बायपासनंतर त्या जातीच्या बऱ्याच गोळ्या बंद. मग पायाच्या दुखण्याचं काय करायचं ते आधी ठरवलं पाहिजे, नंतर नाही.

खाण्यात प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, हे आमच्या शाकाहारी बायकांना अवघड जातं. अंडी-मासे खात असाल तर सोपं, नाहीतर दही, पनीर, मोड आलेली मटकी शिजवून बारीक केलेली, हुलग्याचं माडगं, आणि जोडीला पावडर लागतेच. भाकरी शेवटी. उसाचा रस, काकवी, गुऱ्हाळावर गेलं की हातावर पडणारा गरम गूळ, हे बायपासनंतर प्यायलात-खाल्लंत तर अर्ध्या तासात धडधड, घाम, जुलाब, झोपून राहावं लागतं, एकदा झालं की बाई परत गुऱ्हाळाकडं बघत नाही. बी१२, लोह, कॅल्शियम, डी हे जन्मभर. उलट्या थांबत नसतील तर बी१ कमी पडून नसांवर परिणाम होतो, ती तातडीची गोष्ट आहे, बघू उद्या म्हणू नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते परत येतात. आणि दिवस राहणं निदान वर्ष-दीड वर्ष टाळायचं, तुमचं दोनवर झालं असेल तरी सांगते, वजन उतरलं की पाळी सुधारते आणि नकळत राहतं.

तुमचं किती उतरेल? साधारण वजनाचा चौथा हिस्सा किंवा जरा जास्त, म्हणजे २५-३० किलो, वर्ष-दीड वर्षात. लिपेडिमा असला की त्यातलं थोडं कमी धरा, आणि काट्यासोबत टेप ठेवा. गुडघ्याच्या वाटीपासून वर एक वीत आणि खाली एक वीत, दर महिन्याला त्याच जागी घेर मोजून वहीत लिहा. काटा थांबला आणि कंबर उतरत असेल तर चाललंय ते बरोबर चाललंय.

पायांसाठी काय, तर ऑपरेशनच्या आधीपासून दाबाचे मोजे. पण मेडिकलमध्ये व्हेरिकोजसाठी मिळतात ते गोल विणीचे ताणणारे मोजे नव्हे, ते घडीत रुततात आणि तिथं कातडी कापते. माप घेऊन केलेले सपाट विणीचे लागतात, कडक असतात, महाग असतात, वजन उतरलं की बदलावे पण लागतात. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ते घालून रानात जा असं मी म्हणणार नाही, मला कळतं. सकाळी उठल्या उठल्या घाला, दुपारी काढा, पण सोडून देऊ नका. बायकांची बॅच असलेला पोहण्याचा तलाव जवळ असेल तर छातीएवढ्या पाण्यात नुसतं चाला, पाण्याचा दाबच मोज्याचं काम करतो आणि गुडघ्यावर वजन पडत नाही. माझ्या एक पेशंट आहेत, पोहता येत नाही, कडेचा पाइप धरून चालतात, म्हणतात दिवसभरात पाय तेवढ्याच तासाला हलके वाटतात.

लिपेडिमाची चरबी प्रत्यक्ष काढायची असेल तर ती लिपोसक्शननं. पाण्यात भूल मिसळून चरबी फुगवून, लिम्फच्या नळ्या सांभाळून काढतात, पायाचा एकेक भाग घेत, दोन-तीन वेळा करावं लागतं. हे वजन स्थिर झाल्यावर, आधी नाही, आणि हे माझं काम नव्हे, लिपेडिमा हाताळलेल्या प्लास्टिक सर्जनचं. जर्मनीत २०२० पासून आजार खूप वाढलेल्या, तिसऱ्या टप्प्यातल्या बायकांना सरकारी विम्यातनं द्यायला लागले. आपल्याकडं विमा कंपन्या ते कॉस्मेटिक म्हणून परत पाठवतात. वजनाच्या ऑपरेशनचं मात्र पॉलिसीत स्टँडर्ड कलम असतं, वय १८ च्या वर आणि बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ आणि जोडीला अनकंट्रोल डायबिटीस, हार्टचा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर त्रास असं काही. शिवाय आधी साध्या उपायांनी प्रयत्न केल्याचे कागद लागतात, डाएटिशियनच्या चिठ्ठ्या टाकून देऊ नका. तुम्ही ४० च्या वर आहात, पॉलिसीचा वेटिंग पिरियड, म्हणजे खर्च मिळायच्या आधी थांबायचा काळ, संपलाय का तेवढं एजंटला लेखी विचारा.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं सगळेच विचारतात म्हणून लिहिते. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन २०२५ मध्ये भारतात आलं, वजन आणि साखर दोन्हीवर चांगलं चालतं, तुमच्यासारखीला ऑपरेशनआधी पर्याय म्हणून बोलून बघायला हरकत नाही. पण लिपेडिमाचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही, आणि बंद केलं की वजन बऱ्याचदा परत चढतं.

मालकांना घेऊन या, बाहेर बसवू नका, आत बसवा. त्यांच्यासमोर मी पाय दाखवून सांगेन की हे उतरेल आणि हे उतरेलच असं नाही, म्हणजे वर्षभरानं घरात कुणी ताटाकडं बघत बसणार नाही. येताना डाग पडतील तेव्हाचे मोबाइलवर काढलेले फोटो, लग्नाच्या आधीचा पाय दिसेल असा एखादा फोटो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट, आणि कपाटातले ते पैंजण घेऊन या, घोट्याला लावून बघायचेत. मिश्री चालू असेल तर आजपासून बंद, ती सुटल्याशिवाय तारीख मागितलीत तरी मी देणार नाही.